शनीले छप्पर चालत नाही

आमच्या शेजारचे नीलकंठ भाऊजी शनिवारी गावाबाहेर पाऊल टाकत नाहीत. टाकत नसत, असं आता लिहायला हवं. पण रायपूरच्या आमच्या चौबे कॉलनीत अजून कोणाचा विश्वास बसलेला नाही, तेव्हा आधी जसं होतं तसंच लिहिते.

भाऊजींचं घराणं अमरावतीकडचं. वडील रेल्वेत लागले म्हणून रायपूरला आले, आणि भाऊजीही रेल्वेतच चिकटले. गुढियारीच्या मालधक्क्यावर बाबू होते. नोकरीभर त्यांनी तांदळाची पोती गुवाहाटीला धाडली, सिमेंट कुठे कुठे धाडलं. स्वतः मात्र नागपूरच्या पलीकडे फारसे गेले नाहीत, आणि गेले तेही वार बघून.

याचं कारण म्हणजे त्यांच्या साळ्याचं लग्न. स्वतःच्या लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी, बायकोच्या, म्हणजे क्षमा वहिनींच्या, हट्टाखातर ते एका शनिवारी अकोल्याला निघाले. गाडीचं इंजिन डोंगरगडला बसलं ते बसलंच. मांडवातून नवी चप्पल चोरीला गेली. बासुंदी नासली. परत येताना पेटी दुसऱ्याच माणसाची आली आणि तिच्यात नुसत्या सुताराच्या पटाशा निघाल्या. तेव्हापासून भाऊजींनी ठरवलं की शनी महाराजांना आपलं शनिवारी हिंडणं पसंत नाही.

"अन् लग्न?" मी एकदा विचारलं. "लग्न तर चांगलं पार पडलं नं?"

"ते साळ्याले विचारा," भाऊजी म्हणाले.

दर शनिवारी आंघोळ करून, स्टीलच्या गडवीत तिळाचं तेल घेऊन, ते स्कूटरवर गुढियारीच्या पिंपळाखालच्या शनीला जातात. उजव्या पायाच्या घोट्याला काळा दोरा. त्या दिवशी घरात तेल विकत आणायचं नाही, मीठ नाही, लोखंडाचं काही नाही. एकदा शनिवारी सकाळी क्षमा वहिनींचा तवा मधोमध तडकला, तर रविवार उजाडेपर्यंत त्यांच्या पोळ्या माझ्या तव्यावर झाल्या. शनिवारचा उपास मीही करते, मारुतीला रुईची माळ घालते, देवाची थट्टा मला आवडत नाही. पण माझा देव मला निदान तवा आणू देतो.

या शनिवारापायी भाऊजींचं बरंच काही राहून गेलं. त्यांची एकुलती एक मुलगी देवश्री बिलासपूरला शिकली. तिच्या पदवीदानाला भाऊजी गेले नाहीत, कारण समारंभ शनिवारी. लग्न होऊन ती नवऱ्याबरोबर इटलीत रोमला निघाली तीही शनिवारीच, तेव्हा दिल्लीला सोडायला क्षमा वहिनी एकट्या रेल्वेनं गेल्या. भाऊजी कॉलनीच्या फाटकापर्यंत आले आणि ऑटो दिसेनासा होईस्तोवर हात हलवत राहिले. पोरीनं कधी एका शब्दानं विचारलं नाही.

गेल्या वर्षी कळलं की देवश्रीला दिवस गेलेत आणि डिसेंबरात बाळंतपण आहे. आईवडिलांनी दोघांनीही यावं, असं तिनं स्वतः फोन करून सांगितलं. जावई विराज रायपूरच्याच समता कॉलनीतला पोरगा. मराठी सगळं समजतं, पण उत्तर हिंदीत. त्यानं तिकिटं काढली आणि मग फोन केला.

"पापाजी, संडे को मेरी छुट्टी रहती है, तो एयरपोर्ट लेने आ जाऊंगा. आप लोग सैटरडे को रायपूर से निकलना."

भाऊजींनी फोन वहिनींच्या हातात असा दिला, जणू तो चुलीतून काढलाय.

"अवो, बोला नं काहीतरी," वहिनी फोनवर हात ठेवून म्हणाल्या.

"त्याले सांग, सोमवारची पाह्य म्हणा."

"सोमवारी त्याले सुट्टी नाही. अन् त्या मोठ्या विमानतळावर आपल्याले कोण शोधंल? शनी महाराज?"

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. एकाच घरात राहून निरोप माझ्यामार्फत जायला लागले. तिसऱ्या दिवशी वहिनी माझ्या ओट्याशी येऊन बसल्या. हातात विणकाम होतं, नातवंडासाठी लोकरीचे मोजे. रायपूरच्या थंडीत मोजे कोणी घालत नाही, पण रोमला घालतात अशी त्यांना खबर होती.

"मी जाऊन राहिली," त्या म्हणाल्या. "एकटी जाईन. विमानात बसली नाही तं बसायले शिकीन. पण मंदा, हे नाही आले तर पोट्टी काही बोलणार नाही. नुसतं 'बरं' म्हणंल. तेच मले सहन होत नाही."

सुई चालूच होती. टाका मात्र एक चुकला, तो त्यांनी उसवला.

भाऊजींनाही काही आनंद होत नव्हता. ते गुढियारीला शालिग्राम महाराजांना विचारून आले. हे तिथले पुजारी, पक्के छत्तीसगढी. भाऊजींना वाटलं होतं, महाराज तरी मनाई करतील, म्हणजे आपल्यावर बोल येणार नाही. महाराज म्हणाले, "हव, जाओ न भैया! शनि महाराज तो ऊपर बइठे हैं, उनको रायपूर क्या अउ रोम क्या."

"लेकिन मेरा शनिवार का तेल?"

"मैं चढ़ा दूंगा."

"आप चढ़ाओगे तो आपको लगेगा न, मुझे कैसे लगेगा?"

महाराज पुढच्या भक्ताच्या नारळाकडे वळले. भाऊजी जसे गेले तसे परत आले.

मग आला तो रविवार. दुपारी मी वाटीभर चकोल्या घेऊन त्यांच्याकडे गेले होते. भाऊजी आरामखुर्चीत वर्तमानपत्र धरून, वहिनी पलीकडे खाली बसून विणत, दोघांची तोंडं दोन दिशांना. मध्ये स्टुलावर फोन उभा केलेला आणि फोनमध्ये देवश्री.

"मंदाकाकू, तुम्ही पण बसा," ती म्हणाली. "बाबांना एक गंमत सांगायची आहे. बाबा, इथे शनीचं देऊळ आहे."

वर्तमानपत्र खाली आलं.

"कुठे?"

"इथेच, रोममध्ये. जुन्या बाजारचौकात. सॅटर्न म्हणजे आपला शनीच. इंग्रजीतला सॅटर्डे पण त्याच्याच नावाचा. दोन हजार वर्षांच्या वर झाली त्या जागेला." तिनं फोटो पाठवला.

भाऊजींनी चष्मा पुसून फोटो पाहिला. मोठमोठे आठ दगडी खांब, त्यांच्यावर आडवी पट्टी, आणि त्याच्या वर मोकळं आभाळ. बाकी काही नाही. आजूबाजूला तुकडे, गवत, एक मांजर.

"छप्पर कुठे गेलं?"

"पडलं नं बाबा. भग्नावशेष आहे तो. आपल्या सिरपूरला जसं, तसं."

"पडलं नाही," भाऊजी म्हणाले.

"बाबा, पडलंय. पुस्तकात लिहिलंय."

"पुस्तकवाल्याले काय माहीत? शिंगणापूरले काय आहे? नुसता चौथरा. शनी महाराज उघड्यावर, ऊन-पाऊस घेत. छप्पर बांधायले गेले तर टिकत नाही. शनीले छप्पर चालत नाही, हे सगळ्या दुनियेले ठाऊक आहे. त्या लोकांनी पहिले बांधलं असंल चुकीनं, मग महाराजांनीच काढून टाकलं."

देवश्री हसायला लागली. मी मात्र हसले नाही. मला ते पटल्यासारखं झालं.

"बरं बाबा, मग हे ऐका," ती म्हणाली. "जुन्या काळी रोमचा सगळा सरकारी खजिना त्याच देवळाच्या पोटात ठेवायचे."

भाऊजी खुर्चीत पुढे सरकले. "पाह्यलं? पाह्यलं मंदाताई? शिंगणापुरात घराले दार नाही, चोरी नाही. इथं खजिना शनीच्या भरवशावर! अन् कोणी हात लावला नसंल."

"एका सेनापतीनं लावला. दार तोडून सगळं सोनं नेलं."

"मग?"

"मग पाच वर्षांनी त्याच्याच दोस्तांनी त्याला भोसकून मारलं."

"पाच वर्ष!" भाऊजींनी मांडीवर थाप मारली. "साडेसाती पुरी होऊ दिली नाही. तिकडचा शनी कडक आहे."

कित्येक दिवसांत ते इतकं बोलले नव्हते. वहिनी विणत होत्या, पण मान इकडे वळली होती. लोकरीचा गोळा त्यांच्या मांडीवरून घरंगळत खुर्चीखाली गेला, तो ओढला की परत यायचा, सोडला की पुन्हा जायचा. माझं लक्ष फोनकडे होतं.

"तेल चढवत होते का?" भाऊजींनी हळूच विचारलं. हा खरा प्रश्न होता.

"चढवत नव्हते," देवश्री म्हणाली, आणि भाऊजींचा चेहरा पडला. "मूर्तीच्या आत भरून ठेवत होते. हस्तिदंती मूर्ती होती म्हणतात, तडकू नये म्हणून आतून तेलानं भरलेली."

भाऊजींनी डोळे मिटले आणि हात जोडले. आपलं गडवीभर तेल त्यांना पहिल्यांदाच फार थोडं वाटलं असावं.

इथे थांबली असती तर बरं झालं असतं. पण देवश्रीला एकदा सांगायला बसलं की थांबवत नाही, बापावर गेलीय. म्हणाली, "त्याची गोष्ट मात्र आपल्या शनीसारखी नाही हं. त्याला कोणीतरी सांगितलं होतं की तुझंच मूल तुझं राज्य घेईल. तर त्यानं बायकोला झालेलं एकेक मूल गिळून टाकलं."

"राम राम राम," मी म्हणाले.

"शेवटच्या वेळी बायकोनं काय केलं, कपड्यात धोंडा गुंडाळून दिला त्याच्या हातात. त्यानं तो पण गिळला."

"न बघता?" वहिनींनी विचारलं.

"न बघता."

"मग आहे तो यांच्यातलाच," वहिनी म्हणाल्या. "पेपर वाचता वाचता जेवत असंल. परवा मी भाजीत मीठच टाकलं नव्हतं, पत्ता तरी लागला का?"

"मी समजलो अबोल्याची भाजी आहे," भाऊजी म्हणाले.

देवश्री खदखदून हसली आणि मग पोटावर हात ठेवून, "आई, हसवू नको गं, हा आतून लाथा मारतो," म्हणाली.

भाऊजी मात्र हसेनात. ते चिंतेत पडले. "आपला शनी असा नाही," ते म्हणाले. "आपला शनी सूर्याचं लेकरू. काळा म्हणून बापानंच तोंड फिरवलं त्याच्याकडून. तो बिचारा लेकराच्या जागी आहे. हा तिकडचा बापाच्या जागी काहून बसला?"

मग वहिनी बोलल्या. विणकामावरची नजर न काढता, अगदी साध्या आवाजात.

"तोंड फिरवणाराही बापच, अन् गिळणाराही बापच. पोट्टीची पदवी शनिवारनं गिळली. तिले दिल्लीले सोडणं गिळलं. आता हे एक राहिलं आहे, हेही गिळून टाका."

"आई, जाऊ दे नं," देवश्री फोनमधून म्हणाली. "बाबांना नाही जमलं तर... बरं."

तेच ते 'बरं'. वहिनींची सुई थांबली. भाऊजींनी ते ऐकलं, असं मला त्यांच्या कानांवरून दिसलं, कान लाल झाले होते.

बिचाऱ्या पोरीनं विषय बदलायचा म्हणून घाईघाईनं म्हटलं, "आणि बाबा, शेवटची एक गंमत. त्या शनीचे पाय वर्षभर बांधून ठेवायचे. लोकरीच्या धाग्यानं. डिसेंबरात त्याचा सण असायचा, तेवढ्यापुरते सोडायचे."

"बांधून ठेवायचे?" भाऊजी म्हणाले. "म्हणजे आपल्या शनीसारखा लंगडा! रावणानं पायाखाली धरला होता तो! अवं, तोच आहे, दुसरा तिसरा कोणी नाही! थांब, पंचांग पाहतो, डिसेंबरात शनी कुठल्या..." आणि ते ताडकन उठले.

उठले म्हणजे अर्धे उठले. मग एकदम पुढे आले, वर्तमानपत्रासकट, आणि माझ्या चकोल्यांच्या वाटीशेजारी जमिनीवर उपडे झाले.

"बाबा!" फोन ओरडला. भाऊजींचा धक्का लागून तो स्टुलावर आडवा झाला होता, तिला नुसता आमचा पंखा दिसत होता. "काय झालं? मंदाकाकू, बाबांना काय झालं?"

मी खाली वाकले आणि मलाच कळेना की काय सांगू. वहिनींच्या गोळ्याची पिवळी लोकर खुर्चीच्या पायांतून, भाऊजींच्या पायांतून, पुन्हा खुर्चीच्या पायांतून अशी फिरली होती की घोट्यांशी जुडी झाली होती. काळ्या दोऱ्याच्या वर पिवळी लोकर, चांगले पाचसहा वेढे.

"काही नाही गं," मी म्हटलं. "तुझ्या बाबांचे पाय लोकरीनं बांधले गेलेत."

मग फोनमधून विराजचा आवाज आला, तो कुठूनतरी ऐकत असावा. "पापाजी, ये तो सिग्नल हो गया."

भाऊजी जमिनीवर उठून बसले. गुडघा चोळला. आपल्या पायांकडे पाहिलं, मग वहिनींकडे. वहिनी तोंडाला पदर लावून हलत होत्या, आधी मला वाटलं रडताहेत.

"हसून काय राहिली?" भाऊजी म्हणाले. "महिना कोणता येऊन राहिला?"

"डिसेंबर."

"मग सोड."

कात्री होती, पण वहिनींनी लोकर कापली नाही. मोजे अर्धे व्हायचे होते. त्या समोर बसल्या आणि एकेक वेढा उलटा काढत गोळा गुंडाळत राहिल्या. भाऊजी पाय पुढे करून बसले होते, गुपचूप, न्हाव्यापुढे बसावं तसे.

निघायचा शनिवार आला. पहाटेच भाऊजी गुढियारीला जाऊन तेल वाहून आले. शिवाय एक बाटली रोमच्या शनीसाठी. देवश्रीनं लाख सांगितलं की खांबांपर्यंत जाऊच देत नाहीत, कुंपण आहे, पण शिंगणापुरातही आपला हात चौथऱ्यापर्यंत कुठे पोचतो, असं भाऊजींचं म्हणणं. बाटली तीन पिशव्यांत गुंडाळून मोठ्या बॅगेत, त्यांच्या नव्या लोकरी स्वेटरच्या मधोमध गेली. आमचे हे आणि मी त्यांना गावाबाहेर माना विमानतळावर सोडायला गेलो. भाऊजी दारापर्यंत ताठ चालत गेले. दारातल्या जवानानं तिकीट मागितलं तेव्हा त्याला म्हणाले, "शनिवार है, भैया, ज़रा संभाल के." तो जवान अजून विचार करत असेल.

इंजिन बसलं नाही. चप्पल चोरीला गेली नाही. बॅगाही बदलल्या नाहीत. बॅग बदलली असती तर बरं झालं असतं, असं मात्र वहिनी म्हणाल्या. बाटलीचं बूच वाटेत सुटलं आणि निम्मं तेल स्वेटर प्यायला.

रोमला गारठा असा की स्वेटरशिवाय इलाज नव्हता. दोनदा धुऊनही वास गेला नाही. पुढच्या शुक्रवारी देवश्रीला मुलगी झाली, दोघी सुखरूप. शनिवारी सकाळी वहिनी दवाखान्यात थांबल्या आणि विराज सासऱ्याला घेऊन त्या खांबांपाशी गेला. तिथून त्यानं मला व्हिडिओ कॉल लावून दिला. आठ खांब, वर आभाळ, खाली कुंपण, आणि कुंपणाला धरून भाऊजी, हातात अर्धी बाटली. समोर पहाऱ्यावरची एक बाई त्यांच्याशी काहीतरी बोलत होती, हात हलवून, आमच्या भाजी बाजारातल्या बायांसारखी.

"क्या बोल रही है?" भाऊजींनी विचारलं.

"बोल रही है तेल नहीं डालना. और पूछ रही है कि आप किचन में काम करते हो क्या, आपसे तेल की बास आ रही है."

भाऊजींनी स्वेटर हुंगला. मग माझ्याकडे, म्हणजे फोनकडे पाहून म्हणाले, "मंदाताई, पाह्यलं? आतून भरायचं असतं इथं. भरूनच आणलं मी." आणि बाटलीचं बूच घट्ट लावून त्यांनी कुंपणाबाहेरूनच खांबांना हात जोडले. त्या पहारेकरणीनंही हलवणारे हात खाली घेतले, माणूस काहीतरी करतोय हे तिला कळलं असावं.

मला वाटलं, उरलेलं तेल गुढियारीला परत येईल. ते आलं नाही. नात घरी आल्यावर पहिल्या मालिशीला तिळाचं तेल हवं होतं. तिथल्या दुकानात होतं ते वहिनींना पसंत पडेना, आणि वार पुन्हा शनिवार. वहिनींनी फोन भिंतीला टेकवून ठेवला होता, मी इकडून पाहत होते.

"बाटली आहे," वहिनी भाऊजींना म्हणाल्या, "पण ती महाराजांची आहे. उद्या लावू."

भाऊजी बॅगेतून बाटली घेऊन आले, बूच काढलं आणि वहिनींच्या तळहातावर ओतलं.

"अवो, शनिवार आहे."

"त्यालेच तर विचारून आलो मी. लाव."

वहिनी पाय पसरून बसल्या, नात पायांवर. आधी पिवळे मोजे काढायला गेल्या, तर एक मोजा पोरीनं केव्हाच लाथाडून पाडला होता. दुसरा अर्धा लोंबत होता. तोही तिनं जोर करून उडवला, आजोबांच्या तेलकट स्वेटरवर.

"पाहून राहिले नं, मंदाताई?" भाऊजी मोजा हातात धरून म्हणाले. "हिले डिसेंबर सांगावा लागला नाही."